‘रिपीट’ : पुन्हा म्हणणें कीं पुन्हा शोधणें?

शाळेंत दिवसाकाठीं जे इंग्रजी शब्द वारंवार कानांवर पडतात, त्यांत ‘रिपीट’ हा एक होय. वर्गांत वाक्य रिपीट होतें, गायनाच्या तासाला ओळ रिपीट होते, आणि परीक्षेंत अपयश आलेल्या विद्यार्थ्यास ‘रिपीटर’ म्हणून लोक मोकळे होतात. शब्द इतका परिचयाचा झाला आहे कीं त्याच्या अर्थाकडे कोणी वळून पाहत नाहीं. ‘पुन्हा म्हणणें किंवा पुन्हा करणें’ एवढें सांगितलें म्हणजे सर्व सांगितलें असें आपण समजतों. आमच्या मतें एवढ्यावर थांबल्यानें त्या शब्दावर अन्याय होतो, आणि विद्यार्थ्यावर तर त्याहून अधिक होतो.

हा शब्द चौदाव्या शतकाच्या सुमारास जुन्या फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत आला. त्याचें मूळ ‘रेपेतेरे’ ह्या लॅटिन क्रियापदांत आहे. ‘रे’ म्हणजे पुन्हा. आणि ‘पेतेरे’ म्हणजे एखाद्या वस्तूच्या रोखानें जाणें, ती मिळविण्यास झटणें, मागणें, प्रसंगीं तिजवर चाल करून जाणें. ह्याच धातूपासून अर्ज ह्या अर्थाचा ‘पिटिशन’, स्पर्धा ह्या अर्थाचा ‘कॉम्पिटिशन’ आणि भूक ह्या अर्थाचा ‘ॲपेटाइट’ हे शब्द आले आहेत. अर्जदार कांहीं मागतो, स्पर्धक कांहीं मिळवूं पाहतो, भुकेलेला अन्न शोधतो. चाल करण्याचा अर्थही अगदींच लोपलेला नाहीं. नाटो राष्ट्रांच्या सैन्यांत बिनतारी यंत्रावरील बोलणें नीट ऐकूं न आल्यास ‘रिपीट’ म्हणत नाहींत, ‘से अगेन’ म्हणतात. कारण तोफखान्याच्या भाषेंत ‘रिपीट’ म्हणजे तोच मारा पुन्हा करा, असा हुकूम होतो.

शब्दाचा चालू अर्थ रूढीनें ठरतो, व्युत्पत्तीनें नव्हे, हें आम्ही जाणतों. म्हणून रूढीविषयींही दोन गोष्टी सांगतों. ‘रिपीट अगेन’ असें आपले विद्यार्थी सर्रास लिहितात. ‘रिपीट’मध्यें ‘पुन्हा’ अगोदरच आहे, तेव्हां ‘अगेन’ हा शब्द तेथें भार होतो. मात्र एकदां रिपीट केलेली गोष्ट तिसऱ्यानें म्हणावयाची असेल, तर तोच प्रयोग शुद्ध ठरतो. दुसरें असें कीं, ‘हें कोणापाशीं रिपीट करूं नकोस’ असें इंग्रजींत म्हटलें, तर त्याचा अर्थ ‘दुसऱ्यांदा सांगूं नकोस’ असा नसून, ‘ऐकलेलें दुसऱ्याच्या कानीं घालूं नकोस’ असा आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. आपल्या मराठींत ह्या क्रियेस दोन शब्द आहेत : घोकणें आणि उजळणी. घोकण्यांत आवाज आहे. उजळण्यांत प्रकाश आहे. काळवंडलेलें तांब्याचें भांडें चिंचेनें घांसून लखलखीत करावें, तसें शिकलेलें ज्ञान पुन्हा स्वच्छ करणें ही उजळणी होय. पाढ्यांच्या पुस्तकास आपल्या पूर्वजांनीं तें नांव उगाच दिलें नाहीं. पाठांतर निरुपयोगी आहे असें जे हल्लीं म्हणतात, त्यांच्याशीं आमचें जमत नाहीं. परंतु पाठांतराची रीत महत्त्वाची आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस ह्यांनीं निरर्थक अक्षरांच्या माळा स्वतः पाठ करून १८८५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बारा अक्षरांची माळ एकाच दिवशीं लागोपाठ ६८ वेळां म्हणून जो लाभ झाला, तोच तीन दिवसांवर विभागून ३८ वेळां म्हटल्यानें झाला. पुढें २००६ सालीं अमेरिकेंत रोडिगर व कार्पिके ह्यांनीं दाखवून दिलें कीं, उतारा पुनःपुन्हा वाचणारे विद्यार्थी पांच मिनिटांनंतर पुढें असतात खरे. परंतु आठवड्यानंतर, उतारा दृष्टीआड ठेवून आठवून लिहिणारेच पुढें जातात. वाचणारा तेंच तें डोळ्यांखालून घालतो. आठवणारा तें मनांत शोधतो.

प्रार्थनेच्या बाबतींतही हाच भेद दिसतो. मत्तयाच्या शुभवर्तमानांत प्रभु येशू पोकळ शब्दांची पुनरुक्ति करूं नका असें शिकवितो. आणि त्याच शुभवर्तमानांत गेथशेमानेच्या बागेंत तो स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारून प्रार्थना करितो. हा विरोध केवळ दिसण्यापुरता आहे. एका ठिकाणीं ओठच हालतात, दुसऱ्या ठिकाणीं अंतःकरण पित्याची इच्छा शोधीत असतें.

म्हणूनच ‘रिपीटर’ ह्या शब्दाविषयीं आम्हांस विशेष बोलावयाचें आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवी पूर्ण होईपर्यंत कोणाही मुलास त्याच वर्गांत ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा आली, आणि तींत न उतरलेल्या मुलास मागें ठेवण्याची मुभा सरकारांस मिळाली. पण त्यापूर्वीं त्या मुलास जादा शिकवणी द्यावी व दोन महिन्यांच्या आंत पुन्हा परीक्षेची संधि द्यावी, असेंही तोच कायदा सांगतो. ह्या मधल्या दोन महिन्यांत आपण काय करतों, हा खरा प्रश्न आहे. तेंच पुस्तक, त्याच क्रमानें, जरा चढ्या आवाजांत ऐकविलें, तर आपण घोकलें. उजळणी झाली नाहीं. मुलाचें नेमकें कोठें अडलें तें शोधावें, आणि तेथून त्याच्यासह पुन्हा निघावें. अपूर्णांक न समजलेल्या मुलास बीजगणित दहादां सांगून काय होणार? आणि मागील बाकावर बसवून त्यास ‘रिपीटर’ हें नांव चिकटविणें ह्याला तर शिक्षण हें नांवच शोभत नाहीं.

पेत्रानें तीनदां प्रभूस नाकारिलें होतें. पुढें समुद्रकांठीं प्रभूनें त्यास एकच प्रश्न तीनदां विचारिला. पण प्रत्येक उत्तरानंतर आपल्या मेंढरांची काळजी घेण्याचें काम त्याच्यावर सोंपविलें. ज्यांस ह्या वर्षीं त्याच वर्गांत पुन्हा बसावें लागेल, अशा आपल्या मुलांनाही प्रश्न पुन्हा विचारावा, आणि त्याबरोबर कांहीं काम विश्वासानें त्यांच्या हातीं द्यावें.