'रन्' ह्या शब्दाची धांव

इंग्रजी शब्द पाठ करतांना आमचे विद्यार्थी वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ ओढतात. डावीकडे इंग्रजी शब्द व उजवीकडे त्याचा मराठी अर्थ लिहितात. ह्या रेघेवर आमचा मोठा राग आहे. डावीकडे 'रन्', उजवीकडे 'धांवणें', एवढें लिहिलें कीं मुलास वाटतें, आतां हा शब्द आपल्या मुठींत आला. मग एखाद्या धड्यांत कोणाचें तरी नाक 'रन्' होत असलेलें आढळतें आणि तो बिचारा गोंधळून जातो. नाकास पाय कोठून आले? दोष मुलाचा नव्हे, रेघेचा आहे.

'रन्' हा शब्द दिसण्यांत अगदींच लहान, अवघ्या तीन अक्षरांचा. तथापि इंग्रजींत ह्याच्याइतका पसरलेला शब्द दुसरा सांपडणें कठीण. ऑक्सफर्डच्या थोर कोशाची पहिली आवृत्ति १८८४ पासून १९२८ पर्यंत भागाभागांनीं बाहेर पडली. १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत सर्वांत लांब नोंद 'सेट्' ह्या क्रियापदाची होती. पुढें कोशाचें संशोधन चालू असतां तो मान 'रन्'नें पटकाविला. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणें, केवळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ कोशकारांनीं वेगळे केले, आणि त्या एका शब्दाच्या कामास पीटर गिलिव्हर ह्या कोशकारास सुमारें नऊ महिने लागले. आमच्या रेघेच्या उजवीकडे ६४५ ओळी लिहावयाच्या म्हटल्या तर वहीही पुरणार नाहीं आणि मुलाचा धीरही.

हे अर्थ आकाशांतून पडलेले नाहींत. माणूस व जनावर धांवतें, तसें पाणीही धांवतें असें इंग्रजांच्या मनानें घेतलें. मग नदी, नळ, नाक, मेणबत्तीचें वितळलेलें मेण आणि धुतांना जाणारा लुगड्याचा कच्चा रंग, ह्या सर्वांस तेंच क्रियापद लागूं झालें. १६११ सालच्या इंग्रजी पवित्र शास्त्रांत तेविसाव्या स्तोत्रांतील प्याला भरून सांडतो, तोही ह्याच क्रियापदानें. पुढें यंत्रांचें युग आलें. गिरणी, आगगाडी, मोटार हीं सर्व 'रन्' करूं लागलीं, आणि आज संगणकावरील आज्ञावलीही तेंच करते.

येथें एक मौज पाहण्यासारखी आहे. इंग्रज जेथें धांवतो, तेथें मराठी माणूस बहुधा चालतो. त्याचें यंत्र धांवतें, आपलें चालतें. तो दुकान व शाळा धांवडवितो, आपण चालवितों. निवडणुकीस अमेरिकेंतील उमेदवार धांवतो, इंग्लंडांतील उभा राहतो, आणि आपल्याकडीलही उभाच राहतो. (निवडून आल्यावर तो कोठें जातो, हा प्रश्न व्याकरणाचा नव्हे.) मागें एखादें चिमुकलें अव्यय जोडलें कीं तर अर्थ पारच पालटतो. 'आउट्' जोडलें कीं घरांतील साखर संपते, आणि त्याच दोन शब्दांनीं क्रिकेटच्या मैदानावर फलंदाज धांवबाद होतो. 'इन्टू' जोडलें कीं जुना स्नेही रस्त्यांत अकस्मात् भेटतो. 'ओव्हर' जोडलें आणि वाक्यांत मोटार असली, तर त्याच स्नेह्याची धडगत नाहीं.

एवढें ऐकून इंग्रजी ही विलक्षण भाषा आहे असें जे म्हणतात, त्यांनीं आपलें 'लागणें' पाहावें. भूक लागते, झोप लागते, ठेंच लागते, आग लागते, दृष्ट लागते. परीक्षेचा निकाल लागतो, नोकरी लागते, घर चालविण्यास पैसा लागतो, दुधी कडू लागतो, आणि आईचा भाऊ आपला मामा लागतो. कोंकणांत जाणाऱ्यांस पूर्वीं बोट लागे, आतां घाटांत गाडी लागते. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रथम निघाला. त्यांत ह्या एका शब्दापुढें अर्थांची लांब रांग मांडावी लागली. (पाहा, येथेंही तो लागलाच!) आणि हें सर्व पांच वर्षांचें मराठी मूल बिनचूक बोलतें. त्यास कोणी यादी दिली नव्हती. भूक आणि 'लागणें' हीं त्यानें एकत्रच ऐकलीं.

असें असतां इंग्रजीच्या तासास आम्ही काय करतों? वाक्प्रचारांच्या याद्या मार्गदर्शक पुस्तकांतून उतरवून देतों. त्या परीक्षेच्या दिवसापर्यंत टिकतात. ज्या मुलाच्या घरीं इंग्रजी बोललें जात नाहीं, तो दोन वर्षें ह्या याद्यांशीं झगडून शेवटीं ठरवितो कीं ही भाषा आपल्यासारख्यांसाठीं नव्हे, आणि पुढील शिक्षणाच्या कित्येक वाटा स्वतःच बंद करून घेतो. ही हानि आम्हांस फार मोठी वाटते. तशांत कित्येक शाळांत इंग्रजीच्या तासास मराठी उच्चारण्याचीही बंदी असते. हा नियम आम्हांस मुळींच मान्य नाहीं. 'रन्' शिकवितांना प्रथम दहा मिनिटें 'लागणें'वर खर्च करावीं. मुलेंच उदाहरणें सांगतील, हंसतील, आणि शब्द असेच वागतात हें त्यांस आपोआप कळेल. मग इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहून, 'हें आपल्या घरीं कसें म्हणाल?' असें विचारावें.

येत्या सत्रापासून आठवीच्या वर्गांत रेघेची वही बंद करून तिच्या जागीं वाक्यांची वही ठेवावी, असें आम्ही सुचवितों. शब्द कधींही एकटा लिहावयाचा नाहीं, एवढाच तिचा नियम असावा. पहिल्या पानावर नाकाचेंच वाक्य घालावें.