आपल्याला फक्त कुसळ दिसतं

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत मे महिन्यात पाण्याचे टँकर येतात आणि त्याच संध्याकाळी लॉनवर स्प्रिंकलर फिरतात. हे कुणाला खटकत नाही. खटकलं ते माझं गवत. मागच्या पावसाळ्यात एका कोपऱ्यात मी मारवेल आणि पवन्या पेरलं होतं. दिवाळीनंतर ते पिकून सोनेरी झालं आणि एका सकाळी ग्रुपवर फोटो आला : ‘कचरा साफ!’

क्लबहाउससमोर मात्र पैसे मोजून आणलेलं फाउंटन ग्रास डोलतंय. मूळचं आफ्रिकेतलं. हवाई बेटांवर त्याने उच्छाद मांडलाय, तिथे ते वणवे भडकवतं. ते ‘ऑर्नामेंटल’ आणि दख्खनच्या माळावरचं ते रान!

हा निव्वळ आवडीनिवडीचा मामला असता तर मी गप्प बसलो असतो. पण सरकारी नोंदींतही माळरान अनेकदा ‘पडीक’ ठरतं. एकदा पडीक म्हटलं की तिथे काहीही उभारायला रान मोकळं. माळढोक, तणमोर, लांडगा यांनी जायचं कुठे?

‘साप येतील.’ उंच गवतात साप आडोसा घेऊ शकतो, खरंय. म्हणून पट्टा वाटेपासून लांब ठेवा. ‘कुसळं टोचतात.’ तेही खरं. मुलं खेळतात तिथे कुसळी लावू नका. पण तिचं एक बी ओल्या मातीवर ठेवून बघा. ओल लागली की कुसळाचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि तेवढ्यावर बी स्वतःला जमिनीत खुपसून घेतं. एवढं सुबक डिझाइन मी तरी अजून केलेलं नाही.

सतत कापलेल्या लॉनला बी धरायला सवडच मिळत नाही. मग मुनिया काय खाणार? घरट्यासाठी सुगरण लांब पाती कुठून नेणार?

करायचं फार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळच्या माळावरून, मालकाला विचारून, मूठभर पिकलं बी आणा. जूनमध्ये पेरा. पहिल्या वर्षी तण काढा. बी गळून गेल्यावर, फेब्रुवारीत कापा, तेही अर्धंच. उरलेलं किड्यांसाठी राहू द्या. एकदा रुजलं की पाणी पावसाचं.

येत्या सभेत मी लॉनचा एक कोपरा मागणार आहे. तुम्हीही तुमच्या सोसायटीत मागा. नाही म्हणाले, तर टँकरचं बिल वाचून दाखवा.