छाती दुखत न्हाई, दडपती



आपल्याला जागं करायला माणसं येतात. वर्षातून दोनतीनदा येतात. जीपमधून उतरतात, विहाराच्या भिंतीला बॅनर ठोकतात, आणि आपण सगळे झोपलेलो आहोत असं धरूनच बोलायला लागतात. मी सूतगिरणीत रिंग खात्यात रात्रपाळी करतो. मला कुणी झोपलेला म्हणलं की डोकं फिरतं.

गेल्या साली वस्तीत असंच एक आरोग्य जागृतीचं शिबिर झालं. बॅनरवर लिहिलेलं, विकासासाठी संवाद. खाली सौजन्य म्हणून आमच्याच गिरणीचं नाव. एक ताई चित्रांचा तक्ता उलटत बोलत होत्या. ताई मनानं वाईट नव्हत्या, उगाच कशाला खोटं बोलू. हात धुवा. चुलीचा धूर बाहेर जाऊ द्या. तंबाखू सोडा. एका चित्रात काळंठिक्कर फुफ्फुस. पुढं आमची एक मावशी बसलेली. वीस वर्षं तिनं कार्डिंगला झाडकाम केलंय, मशीनखालची रुईची धूळ ओढलीय. तिनं हात वर केला. "बाई, रविवारची सुट्टी झाली की सोमवारीच छाती का दडपती? मंगळवारी जरा बरं वाटतंय."

ताई म्हणाल्या, मावशी, प्रश्न शेवटी घेऊ.

शेवटी फोटो झाला. वडापाव वाटले. मावशीला बाजूला घेऊन सांगितलं, मिश्री सोडा.

त्या एका प्रश्नात अख्खा रोग होता. बिसिनोसिस त्याचं नाव. कापसाच्या धुळीनं होतो. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पाळीवर गेलं की छाती आवळते, श्वास अपुरा पडतो, पुढच्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं. काही वर्षांनी मग मंगळवारीही दडपते, बुधवारीही, आणि एक दिवस दम परत येतच नाही. वेळेत धुळीतून माणूस काढला तर वाचतो. एक्स-रेत खास काही दिसत नाही. पाळीच्या आधी आणि पाळीनंतर फुंकर मोजली तर कळतं. १९४८ च्या कारखाने कायद्यात हा रोग सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत होता, १९२३ च्या भरपाईच्या कायद्यातही होता. विडी ओढणाऱ्याला तो जास्त छळतो हेही खरं. पण मावशीनं जन्मात विडी ओढली नाही. हे सगळं मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. मी दहावी नापास. नगर वाचनालयात बसून, शब्दाला शब्द लावून नंतर वाचलं.

आता सांगा. वीस वर्षं छातीत रोग घेऊन फिरणारी बाई नेमका प्रश्न विचारते आणि शिकलेला माणूस तिला थांबवतो. एक बोलणार, शंभर ऐकणार, प्रश्न शेवटी. याला संवाद म्हणायचं तर गेटावर डकवलेली मालकाची नोटीसपण संवादच की! गिरणीच्या पैशानं लावलेल्या बॅनरखाली तंबाखूवर तासभर बोलता येतं, धुळीवर एक मिनिट बोलता येत नाही. विकास आपला, विषय त्यांचा. आपल्या छातीतल्या दोषालाही कारण आपलंच व्यसन.

ही रीत नवी नाही. १९५६ साली पुण्याच्या आकाशवाणीनं आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेएक गावांत रेडिओ मंडळं काढली. युनेस्कोची मदत होती. शेतकऱ्यांनी रेडिओभोवती बसायचं, ऐकायचं, चर्चा करायची, कृती करायची. प्रयोग गाजला, जगभरच्या पुस्तकांत गेला. त्याच साली ऑक्टोबरात नागपूरला लाखो माणसं जमली. आयाबाया पोरं काखेला मारून, भाकऱ्या बांधून आल्या. त्यांना कुणी सरकारी रेडिओ लावून दिला नव्हता. निरोप बाबासाहेबांचा होता, प्रबुद्ध भारतानं नेला, जलशांनी नेला, बाकी तोंडातोंडी गेला. संवादाच्या शिबिरात रेडिओचा धडा मिळतो. नागपूरचा धडा मी अजून एकाही शिबिरात ऐकला नाही.

तोंडाचंच म्हणाल तर गिरणीत आपलं तोंड कुणाला नको होतं तेही विसरू नका. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याला पगार चांगला. पण धोट्यातून सुताचं टोक तोंडानं ओढावं लागे. महाराची थुंकी सुताला लागेल म्हणून सवर्ण कामगार आपल्याला तिथं उभं करून घेत नव्हते. आपण कमी मजुरीच्या सूतखात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढं मांडला तेव्हा कुठं तो मागण्यांत घुसला, तोही नाखुशीनं. त्याच्या आधी आठ वर्षं, ३१ जानेवारी १९२० ला, मूकनायक निघालं होतं. पैसे मोजायची तयारी असूनही केसरीनं त्याची जाहिरात घेतली नव्हती. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ज्याच्या तोंडाचा विटाळ धरला, त्यानं स्वतःचं छापायला घेतलं. आपण संवाद करायला कुठल्या शिबिरात शिकलो नाही.

इथवर टाळ्या वाजवल्या असतील तर थांबा. आता आपलं बघू.

शिबिरानंतर आम्ही चौघांनी ठरवलं, आपणच कागद काढायचा. बंद पडलेल्या शाळेच्या भंगारातून सायक्लोस्टाइलचं यंत्र आणलेलं होतंच, ज्याच्यावर हा अंक निघतोय. पहिला कागद मी लिहिला. मी कवी ना! सूर्य घातला, वणवा घातला, ज्वालामुखी घातला, व्यवस्थेच्या छाताडावर पाय घातला. शंभर प्रती वाटल्या. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मावशीची भाकरी माझ्या ज्वालामुखीत गुंडाळलेली. भाकरी मस्त गरम राहिली होती.

दुसरा कागद प्रश्नांचा. पहिलाच प्रश्न मी लिहिला, सुट्टीनंतर तुमची छाती दुखते का? सगळ्या बायांनी माना हलवल्या, न्हाई. मी चिडलो. म्हणलं शिबिरात तर तूच बोललीस. मावशी म्हणाली, "दुखत न्हाई रं पोरा, दडपती. वर कुणी पाटा ठेवल्यागत." आणि मग बाकीच्या बायांनी एकदम, आमची पण, आमची पण. तिथंच कळलं की दवाखान्यात डॉक्टर विचारायचा दुखतं का, ही कंटाळून हो म्हणायची, आणि वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या घेऊन घरी यायची. एका शब्दापायी. तो शब्द माझ्याकडं नव्हता, डॉक्टरकडं नव्हता, तक्तेवाल्या ताईंकडं नव्हता. आम्ही स्टेन्सिल फाडली, नवी कापली. ह्या वेळी वाक्यं मावशीनं सांगितली. तिच्या नातीनं लिहून घेतली.

आपल्यातले काही म्हणतात, कागद कशाला, मोबाईलवर टाकू. टाका. सहा डिसेंबरला सगळ्यांचे स्टेटस निळे झालेले मी बघतो, माझापण होतो. पण मोबाईल गिरणीच्या गेटावर काढून घेतात. घडी घातलेला कागद डब्यात बसून ब्लोरूमपर्यंत जातो. आणि जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवायला शेजारचीला जवळ बसावं लागतं.

मोठी साधनं वाईट, असं माझं म्हणणं नाही. झहीराबादजवळ माचनूर गावात, तेव्हाच्या आंध्रात, दलित शेतकरी बायांनी २००८ साली संगम रेडिओ सुरू केला. माइक त्यांच्या हातात, बोली त्यांची, बियाणं, दवापाणी, गाणी, सगळं त्यांचं. सरकारनं २००६ च्या धोरणात अशा केंद्रांना परवानगी दिली, पण स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा ठेवली नाही. भरडधान्यावर बोला. गावात काल काय झालं ते मात्र बातमी म्हणून सांगू नका. का, ते आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आमचं काय झालं? कागद मॅनेजरच्या टेबलावर पोचला. दोन महिन्यांनी कापडी मास्क आले. बारीक धूळ त्यातून आरामात जाते. कागद कुणी वाटला याची चौकशी झाली, माझी पाळी बदलली. मावशीच्या केसपेपरवर अजून नुसता दमाच लिहिलेला आहे. फुंकर मोजायचं यंत्र सरकारी दवाखान्यात आहे, पण ते सकाळी चालू. मावशीची पाळी सुटते तोवर कुलूप. सोमवारी आत जाताना आणि बाहेर येताना मोजल्याशिवाय डॉक्टर धूळ लिहिणार नाही, आणि धूळ लिहिल्याशिवाय भरपाईचा अर्जच उभा राहत नाही.

हातात धरून फुंकायचं एक साधं यंत्र मिळतं. त्यासाठी वर्गणी चालू आहे. वस्तीतली एक पोरगी नर्सिंग करते, ती वापरायला शिकवणार. पुढच्या कागदावर मजकूर कमी आणि रकाने जास्त असतील. सोमवार आत जाताना, सोमवार बाहेर येताना, मंगळवार आत, मंगळवार बाहेर. आकडे बायांनीच भरायचे. डॉक्टरकडं जाताना मावशी तो कागद स्वतः घेऊन जाणार आहे, आम्ही दाराबाहेर थांबणार.

शाईची नळी संपत आलीय. जुन्या ऑफिसात कुठं पडलेली दिसली तर आणा.