सावली पायाखाली

मराठवाड्यात ऊन मोजलं जातं ते अंगाच्या लाहीवर. पारा चाळिशीपार गेला की नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या गंजगोलाईत डोकी रुमालात गुंडाळली जातात. मृगाची पहिली सर आली की तोच रुमाल खुंटीवर जातो. दुपारी बारा ते तीन-चार बाहेर पडू नका, हा प्रशासनाचा इशाराही उष्म्याचाच. उष्माघातापुरता तो अगदी बरोबर आहे. कातडीचं गणित मात्र वेगळं, कारण तिला बिघडवतात ती अतिनील किरणं, आणि ती ना दिसतात ना गरम लागतात. हवा तापायला वेळ लागतो, म्हणून पारा दुपार कलता कलता शिखर गाठतो. अतिनील किरणं सूर्य माथ्यावर असताना सर्वांत तीव्र असतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे ती वेळ सव्वाबाराच्या आसपास येते. म्हणजे सकाळी दहाचं आणि दुपारी अडीचचं ऊन कातडीच्या लेखी जवळपास सारखंच. अडीचला आपण दारं लावून बसतो. दहाला मात्र ‘अजून ऊन चढलं नाही’ म्हणत उघड्या तोंडाने बाजार करतो.

पाऱ्याहून भरवशाचं माप पायाशीच पडलेलं असतं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की सूर्य 45 अंशांच्या वर आला, असं समजावं. आपल्या अक्षांशावर मे महिन्यात ही स्थिती साधारण सकाळी नऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत राहते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ऐन सोयाबीन काढणीत, ती साडेनऊ ते पावणेतीन असते. सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. मेच्या मध्यात आधी लातूरची सावली पायाखाली जाते, तीन-चार दिवसांनी नांदेडची. हा शून्य सावलीचा दिवस शाळांमधून हौसेने पाहिला जातो. दुसरी खेप जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, आधी नांदेड आणि मग लातूर. तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, कारण आभाळ भरलेलं आणि वारा गार. खुरपणी चालू असते आणि रुमाल खुंटीवर असतो. विरळ ढग उन्हाचा चटका कमी करतात, पण अतिनील किरणांचा बराच भाग त्यांतून खाली उतरतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आपली कातडी मुळातच सावळी, तिला काय होतंय? आक्षेपात तथ्य आहे. मेलॅनिन हे खरोखरच कवच आहे, आणि भारतात त्वचेचा कर्करोग गोऱ्या देशांच्या तुलनेत फार कमी आढळतो. तेव्हा कर्करोगाची भीती घालून क्रीम विकणाऱ्या जाहिराती आपल्यासाठी नव्हेत. पण मेलॅनिनवाल्या कातडीचं दुखणंही मेलॅनिनचंच असतं. गालांवर, कपाळावर वांग उठतो, बायकांमध्ये जास्त, आणि ऊन त्याला खतपाणी घालतं. डोळ्यांना तर सावळेपणाचा फारसा आधार नाही. बुबुळावर चढणारं मांस आणि मोतीबिंदू या दोन्हींशी अतिनील किरणांचा संबंध आहे. वांगावर मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टेरॉइडचं मलम चोळणं हे तर आगीतून फुफाट्यात. त्याने कातडी पातळ होते आणि उन्हाला आणखी हळवी. सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती उगाच नाही.

दुसरा आक्षेप ड जीवनसत्त्वाचा. त्याची कमतरता खरी आहे. पण दिवसभर शिकवणीच्या वर्गात बसणाऱ्या मुलाची गरज वेगळी आणि रानात राबणाऱ्या बाईची वेगळी. तिच्या हातांना मिळतं तेवढं ऊन पुष्कळ झालं.

खरा आक्षेप पैशाचा आहे. डब्यावर लिहिलेलं संरक्षण मिळवायचं तर चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं क्रीम लागतं, आणि घाम पुसणाऱ्याला ते दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. दिवसातून दोनदा म्हटलं तरी 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत नाही. ज्याला वांग आहे आणि परवडतं, त्याने जरूर लावावं. रोजंदारीवर जाणाऱ्यांना हा सल्ला देणं म्हणजे चेष्टा. सावलीत बसा म्हणावं, तर लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. राहतं कापड. त्यातही पांढरा, विरविरीत सुती रुमाल अंगाला गार वाटतो, पण किरणं बरीच आत सोडतो, आणि घामाने भिजला की आणखी. घट्ट विणीचं, गडद, कोरडं कापड जास्त अडवतं. पातळच असेल तर दुहेरी करावं. जुन्या पटक्याचे वेढे हेच काम करत. साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा टेरिकॉटचा शर्ट चढवून खुरपायला जाणारी बाई कुठल्याही ट्यूबपेक्षा चांगली झाकलेली असते. उकडतं, हे खरं. म्हणून मेमध्ये तो शर्ट भर दुपारी अंगावर ठेवण्यापेक्षा काम पहाटे उरकणं शहाणपणाचं. जुलैत मात्र तो सुसह्य असतो. उरते मान. खुरपताना तोंड मातीकडे असतं आणि मान थेट सूर्याकडे, म्हणून कॉलर उभी आणि वरून दुहेरी पदर, आभाळ भरून आलेलं असलं तरीही.