वेशीबाहेर धावा

फिरोजपूरला पोस्टिंग आली की आपली पोरं छावणीच्या ग्राउंडवर गोल गोल धावतात आणि घड्याळातलं टायमिंग दाखवत फिरतात. मला हे पटत नाही.

शहराचा जुना तट बहुतेक गेला, तरी दिल्ली गेट, झिरा गेट, मुलतानी गेट ही नावं लोकांच्या तोंडी आहेत. पहाटे त्या वेशींवरून फेरी मारा. रविवारी सतलजकडे, हुसैनीवालापर्यंत धावा. जेमतेम दहा-अकरा किलोमीटर, रस्ता सपाट, सबब सांगायला एक चढही नाही.

तिथे भगतसिंग, सुखदेव यांच्यासोबत आपल्या खेडच्या राजगुरूंची समाधी आहे. ही जागा १९६१ साली पाकिस्तानला १२ गावं देऊन आपण घेतली. एवढी किंमत मोजलेली जमीन जिप्सीतून बघायची? राखायची जमीन पायांना ठाऊक हवी. टायमिंग दोन मिनिटांनी घसरलं तर घसरू दे.