आधी ड्युटीचा चार्ट दाखवा, मग ध्यान शिकवा

सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून मला 17 वर्षं झाली. हल्ली आम्हाला एक नवीन औषध लिहून दिलं जातंय. नाव 'सेल्फ-कम्पॅशन', म्हणजे स्वतःशी मायेनं वागणं. गेल्या महिन्यात आमच्याकडेही त्याची कार्यशाळा झाली. वेळ दुपारी 3. म्हणजे सकाळपाळीवाल्यांनी घरी न जाता थांबायचं आणि नाईट करून झोपलेल्यांनी उठून यायचं. हजेरी सक्तीची! डोळे मिटा, खोल श्वास घ्या, स्वतःला माफ करा. मागच्या खुर्चीतल्या एका सिस्टरनं डोळे मिटले ते उघडलेच नाहीत, सरळ घोरायला लागली. त्या दिवशी स्वतःवर खरी माया तिनं एकटीनंच केली म्हणायची.

गैरसमज नको, कल्पना वाईट नाही. क्रिस्टिन नेफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती 2003 साली मांडली, तेव्हा त्यात तीन गोष्टी होत्या. स्वतःला झोडपत न बसणं. मनात जे चाललंय ते न दाबता, न फुगवता बघणं. आणि हे दुःख आपल्या एकटीचं नाही हे ओळखणं. पेशंट गेला की "पाच मिनिटं आधी बघितलं असतं तर" हे घरी नेऊन रात्रभर उगाळणाऱ्या सिस्टर मी पाहिल्यात. त्यांना या मायेची गरज आहेच.

पण कार्यशाळेत तिसरी गोष्ट गाळली गेली. का, ते उघड आहे. दुःख एकटीचं नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, मग सगळ्यांचंच एकसारखं का?

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात 3 रुग्णांमागे 1 आणि सर्वसाधारण रुग्णालयात 5 मागे 1 परिचारिका असा आहे. आमच्या वॉर्डात रात्री 40 खाटा, वर जमिनीवरच्या गाद्या, आणि आम्ही दोघी. एक जण लेबर रूमला बोलावली की एकटी. निवासी डॉक्टरांचंही तेच. सलग 12 तासांपेक्षा जास्त ड्युटी शक्यतो नको, हे केंद्राच्या निवासी योजनेत 1992 पासून लिहिलेलं आहे. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटानं आठवड्याला 74 तासांची मर्यादा सुचवली. आणि आमच्या कॅज्युअल्टीतली पोरं 36 तास उभी असतात. वर सीनियर ऐकवणार, "आमच्या वेळी आम्ही 48 काढलेत." काढले असतील, पण पेशंटला त्याचा काय उपयोग झाला?

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआऊटची नोंद केली ती आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळलेला, सततचा ताण असं म्हटलंय. मग उपचार कामाच्या जागेवर करायचा की माझ्या श्वासावर?

2020 मध्ये थाळ्या वाजल्या, हेलिकॉप्टरमधून फुलं पडली, आम्ही देवदूत झालो. देवदूताला रजा लागत नाही, ही त्यातली गोम. 2022 च्या मे महिन्यात कंत्राटी भरतीविरोधात राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा त्याच देवदूतांना लोक विचारत होते, पेशंटला वाऱ्यावर सोडता, लाज नाही वाटत?

मला विचाराल तर आमच्या धंद्यात स्वतःशी मायेनं वागणं म्हणजे "आज दोघींत हा वॉर्ड सुरक्षित नाही" हे रजिस्टरात लिहून खाली सही करणं. सलग चौथ्या नाईटला नाही म्हणणं. रिकामी पदं भरा, आठवड्याची सुट्टी खरंच द्या, कपडे बदलायला कडी लागणारी खोली द्या. मग घ्या कार्यशाळा, मी पहिल्या रांगेत बसते.

आणि तुमचं कुणी आमच्याकडे ॲडमिट असेल तर एक काम करा. रात्री वॉर्डात सिस्टर किती आणि पेशंट किती ते मोजा. आमदार भेटीला आले की तो आकडा त्यांना सांगा. आम्ही सांगितला की मेमो मिळतो.