सावली आणि तिच्यापुढची बेरीज

उज्जैनच्या वेधशाळेत सम्राट यंत्र या सूर्यघड्याळाची सावली कुणालाही वाचता येते. पण ती वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही, आणि पाहुणे ‘बिघडलंय वाटतं’ म्हणत पुढे सरकतात. बिघडलेलं काहीच नसतं. यंत्र दाखवतं ती उज्जैनची सौर वेळ, ती भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सुमारे २७ मिनिटं मागे असते, शिवाय सूर्यही वर्षभर थोडा पुढेमागे होतो. म्हणून फेब्रुवारीच्या मध्याला सावलीच्या वेळेत सुमारे ४१ मिनिटं मिळवायची, नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेमतेम ११. ही तारीखवार बेरीज यंत्राजवळच्या फलकावर दिलेली आहे. माझ्या मते तो फलक यंत्राइतकाच मोलाचा आहे.

जयपूरचे राजे सवाई जयसिंग यांची ही वेधशाळा ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या काळात, १९२३ मध्ये दुरुस्त झाली. पुढे गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्गणिती तिथे अधीक्षक होते. नुसत्या दुरुस्तीवर काम थांबलं नाही. ग्रहांची स्थिती देणारं पंचांग वेधशाळा दरवर्षी काढते. वेध घेणं आणि तो दुसऱ्याला वापरता येईल असा लिहून देणं, दोन्ही एकाच जागी चालतं.

माझा पोटापाण्याचा धंदा यातला दुसरा, लिहून देण्याचा. पाण्याच्या पंपांच्या माहितीपुस्तिका मी लिहिते: बसवणी, वायरिंगची आकृती, सुट्या भागांची यादी, बिघाड आणि उपाय. बाजारातल्या किती पुस्तिकांत असं लिहिलेलं असतं: ‘मोटर सुरू करा. त्याआधी पंपात पाणी भरल्याची खात्री करा.’ विहिरीवर उभा असलेला शेतकरी पहिलं वाक्य वाचून बटण दाबतो. पंप कोरडा फिरतो, सील जळतं, आणि दोष त्याच्याच माथी येतो. शब्द सगळे बरोबर होते, क्रम चुकला. हिंदी-मराठी पुस्तिका तर बहुतेकदा इंग्रजीवरून ओढून आणलेल्या. त्या वाचून एकदा तरी कुणी पंप बसवून पाहिला असेल का, अशी मला शंका येते.

छापण्याआधी पुस्तिका अशा माणसाच्या हाती द्यावी, ज्यानं ते यंत्र कधी पाहिलेलं नाही. शेजारी गप्प उभं राहावं. तो अडेल तिथलं वाक्य बदलावं. एवढ्याला एक दिवस आणि एक पंप पुरतो. आणि पुस्तिका लिहिण्याचं काम शेवटच्या आठवड्यात हाताशी असेल त्या इंजिनिअरच्या गळ्यात न घालता, यंत्राचं डिझाइन सुरू होतं त्याच दिवशी त्यासाठी पगारी माणूस नेमावा.